फ्रीजरमधलं घर

बाबांनी ते घर पावाच्या पिशवीतून आणलं,
लाल भिंती, पांढऱ्या खिडक्या,
आणि मला न विचारता
फ्रीजरमध्ये ठेवून दिलं, हेरिंगच्या डब्याला खेटून.
"उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

हेच वाक्य, याच घराबद्दल,
एकतीस वर्षांपूर्वी म्हणाले होते.

मी सात वर्षांची. घर फळीवरून पडलं होतं,
मी रडून रडून झोपले होते.
बाबा गोदीतून आले, मुंकेबोच्या,
जहाजाचे पत्रे जोडणारा माणूस,
सांधा म्हणजे सांधा, थेंब आत येता कामा नये.
रात्रभर बसून त्यांनी एकेक वीट गोंदाने बसवली.
सकाळी घर पक्कं होतं.
इतकं पक्कं, की त्याचं पुढे काहीच होईना.
ना होडी, ना जिराफ, ना दवाखाना.
मी त्यांच्या गळ्यात पडले
आणि त्या घराशी पुन्हा खेळले नाही.

आता ओट्यावर टॉवेल.
टिल्डे खुर्चीवर गुडघे टेकून,
तिला विटा हव्यात, देवमासा करायचाय.
"ओढायचं नाही," बाबा सांगतात, "पिळायचं, हळू,
आधी इकडे, मग तिकडे.
ओढलंस तर खुंटी तुटेल, गोंद जागच्या जागी राहील."
थंडीने गोंद ठिसूळ होतो म्हणे.
त्यांची बोटं लाल झाली आहेत, थरथरतायत,
तरी हातमोजे नकोत.

टिक.

एवढासाच आवाज.
टिल्डे माझ्याकडे बघते, मी बाबांकडे.
दुसरी निघाली. तिसरी हटून बसली,
तिला कोमट पाण्यात सोडलं. उकळत्या नाही,
उकळत्यात वीट वाकते
आणि मग तिचं कुणाशीच जुळत नाही.
कडेचा पापुद्रा आइस्क्रीमच्या काडीने खरवडायचा,
पातं लावायचं नाही.
चिकाटी त्यांच्यात होतीच,
आज फक्त उलट्या दिशेने चाललीय.

मी नेलपॉलिश काढायची बाटली पुढे केली.
त्यांनी झाकणावर तळहात ठेवला:
"याने गोंदही जाईल आणि वीटही."

धुराड्याच्या मागच्या बाजूला एक धुरकट डाग आहे,
वितळून पुन्हा थिजल्यासारखा.
तो माझा. बारा वर्षांची होते, बाटली आईची.
बाबांनी धुराडं उलटं केलं, डागावरून अंगठा फिरवला
आणि पुढची वीट घेतली.

दुपारी दारापाशी अडलं.
फ्रीजर झाला, पाणी झालं, पुन्हा फ्रीजर.
बाबांनी चष्मा कपाळावर सारला,
दार उजेडाला धरलं.
"इथे माझा गोंद संपला होता.
मग खेळण्यातल्या विमानांचं सिमेंट लावलं.
ते चिकटवत नाही, वितळवून एक करतं.
सोडवायला सांधा तर हवा ना,
इथे तो उरलेलाच नाही."
जरा थांबून:
"गोदीत या कामाला शाबासकी मिळायची."

हे माझ्याशी बोलले की दाराशी, कळलं नाही.
मी कॉफी ओतली. त्यांनी साखर मागितली,
जी ते घेत नाहीत.

त्रेपन्न विटा सुट्या. चार फुटल्या,
एक मी फोडली, घाईने.
दार, चौकट आणि बाजूच्या सहा विटा
असा एक गठ्ठा राहिला.
टिल्डेने तो फिरवून फिरवून पाहिला
आणि म्हणाली, हा जबडा.

देवमासा लाल, पोटाशी खिडक्या,
जबडा मात्र कुणाच्या बापाला न निघणारा.
संध्याकाळी तो टेबलाच्या कडेवरून पोहत गेला
आणि पडला.
विटा फ्रीजखाली, बुटांत, कुत्र्याच्या वाडग्यात.

बाबा खुर्चीतून अर्धे उठले.
हात कोटाच्या खिशाकडे गेला.

टिल्डे जमिनीवर पालथी पडून
फ्रीजखाली हात घालत होती,
हसत होती.

बाबा पुन्हा बसले.