बासष्ट टक्के

बासष्ट टक्क्यांवर आला की तो विझतो.
परवा तीनदा, काल दोनदा,
आज पहाटे सव्वातीनला
गोठिवलीच्या करिष्मा मढवीची हळद
भर नाचात काळी झाली.

मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा,
वाशीच्या सेक्टर सतरातून आणलेलं
सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड,
डबा तेवढा बारा वर्षांचा.
पैसे तिथेच संपले.
दुकानातला प्रणित म्हणाला होता,
'ताई, डब्याला काय होतंय?'

डब्यालाच होतंय.
सत्त्याण्णव अंश.
घणसोली, मे महिना, सिम्प्लेक्सचा वरचा मजला,
डोक्यावर पत्रा.

तीन रात्री मी काय काय केलं नाही.
जुनी पेस्ट पुसून तांदळाएवढा थेंब टाकला,
मग कमी वाटला म्हणून वाटाण्याएवढा.
हीटसिंकखालची प्लास्टिकची पट्टी
काढली होती की नाही, या शंकेनं
सगळं पुन्हा उघडलं.
काढली होती.
फॅनची वायर तीन पिनची, सॉकेट चारचं,
मग तो कुणाचं ऐकेचना,
सुरू झाला की रिक्षाला किक मारल्यासारखा;
पलीकडून उबाळेकाकूंनी भिंतीवर थाप मारली.
शेवटी बाजूचं झाकणच काढलं,
टेबलफॅन तोंडावर लावला.
तसा गेला बिचारा एकाहत्तरपर्यंत.
मग लाइट गेली.

अंधारात आबा उठून बसले.
सदतीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात
पाठीवर कांदा वाहिलेला माणूस.
माउसला हात लावत नाहीत,
'उंदीर आवर तुझा' म्हणतात.

लाइट आली. झाकण मी परत लावलं.
'हवा जाते कुठून?'
म्हटलं, पुढे एक फॅन आहे, मागे एक,
मागचा आठवड्यापूर्वीच नवा बसवलाय.
'जाते कुठून, ते विचारलं.'

खिळ्यावरची सुतळी घेतली,
उलगडून एक तंतू वेगळा केला,
पुढच्या जाळीशी धरला. तंतू आत झुकला.
मागच्या जाळीशी धरला.
तिथेही आत. जाळीला चिकटूनच बसला.

'दोन्हीकडून आत ढकलतेस.'
मग गुडघा धरून हळूहळू खाली टेकले.
'कांद्याची थप्पी लावताना
मधे वीतभर वाट ठेवायची असते.
आमच्यात एक मुकादम होता, ठेवायचा नाही.
थप्पी अशी झकास दिसायची!
आत हात घातला तर भाजायचा.'

फॅनच्या कडेला नखाएवढा बाण असतो.
चार स्क्रू पिळताना मी तो पाहिलाच नव्हता.
काढला, फिरवला, पुन्हा पिळला.
वायरींचं भेंडोळं हवेच्या आड येत होतं,
ते त्याच सुतळीनं बांधून कडेला सारलं.

आणि मागच्या जाळीतून
गरम वारं बाहेर यायला लागलं.
आबांनी त्यावर खांदा धरला,
उजवा, जो रात्री त्यांना झोपू देत नाही.
'बरं वाटतंय,' म्हणाले. भर मे महिन्यात.

साठ. एकसष्ट.
आम्ही दोघंही बोलत नव्हतो.
बासष्टवर तो नेहमीसारखा थबकला,
पंखे चढले, माझी बोटं वळली.
त्रेसष्ट.
अंश चौऱ्याहत्तर.
आबा तिथेच भिंतीला टेकून घोरायला लागले होते.

सहा वाजून दहा मिनिटांनी हळद पूर्ण झाली.
पाठवली.
नऊला करिष्माच्या आईचा फोन:
'लय झ्याक झालंय गो,
पन तिची मावशी कुठंच दिसत नाय.
ती रुसलीय. टाक ना तिला.'

मावशी शोधते आहे.
अडीच तासांच्या गर्दीत, हिरव्या साडीत
एकदा पाठमोरी सापडली, एकदा अर्धी.
पुन्हा शून्य टक्के.

सुतळीचा तंतू मागच्या जाळीला
तसाच बांधून ठेवलाय.
अधूनमधून मान वळवून बघते:
बाहेरच्या बाजूला उडतोय ना.