ठिपका

जेराल्डटनला दक्षिणेचा वारा इतका हट्टी
की झाडं उभी वाढायचा नाद सोडतात.
तोच वारा दुपारी आमच्या तलावात
वाळू आणतो, पानं आणतो, एकदा शेजाऱ्यांची चड्डी.
घरामागचा तलाव, खाऱ्या पाण्याचा, एकोणीस वर्षांचा.
मीठ ओता, यंत्र त्याचं क्लोरीन करतं,
विकणारा म्हणाला होता, बघायलाच नको.

बघावं लागतं.

बघायची ग्लेनिस.
दर शनिवारी कोपरापर्यंत हात बुडवून नळी भरायची,
उजेडाकडे धरून म्हणायची, "सात-सहा. बरंय."
मी वहीत उतरवायचो.
अक्षर माझं, डोळे तिचे.
मार्चपासून ती डार्विनला, बहिणीकडे.
परत कधी, ते मी विचारलं नाही,
तिनेही सांगितलं नाही.
तिच्या बाटल्यांची तारीख मात्र उलटून गेली.

म्हणून आज दुकानात, फळीसमोर, पाऊण तास.

पट्ट्या स्वस्त, डबीत पन्नास.
बुडवा, झटका, डबीवरच्या चौकोनांशी जुळवा.
टॅम्सिन बोट ठेवून दाखवते:
हा नारिंगी, हा गुलाबी, हा त्याहून गुलाबी.
मला तिन्ही ओल्या पुठ्ठ्यासारखे.

हे मी फारसं कुणाला सांगत नाही.
एकोणिसाव्या वर्षी रेल्वेने सिग्नलच्या कामाला बोलावलं.
डॉक्टरने ठिपक्यांचं पुस्तक उघडलं.
"कुठला आकडा?"
ठिपके होते. आकडा नव्हता.
"या पानावर?"
तिथेही नव्हता.
मग चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं उघडली,
जिथे सगळंच काळं असतं
आणि कुणी काही विचारत नाही.

आकडे दाखवणारं यंत्रही होतं.
किंमत ऐकून जपून जागेवर ठेवलं.
त्यालाही म्हणे अधूनमधून
ठरलेल्या पाण्यात बुडवून खरं काय ते शिकवावं लागतं.
विसरायला लागलेल्या माणसाने
विसरणारं यंत्र कशाला घ्यावं?

"मग थेंबांची पेटी," टॅम्सिन म्हणाली.
"पूड टाकली की पाणी गुलाबी होतं..."
मी नुसतं बघितलं.
"बरं, गडद होतं. मग एकेक थेंब, ढवळत.
रंग गेला की थांबायचं. थेंब किती पडले, तेवढं मोजायचं."
म्हणजे ओळखायचं काहीच नाही.
जाईपर्यंत मोजत राहायचं.
ते मला येतं.

क्षारतेच्या बाटलीवर लिहिलं होतं:
हिरव्याचं लाल होईपर्यंत.
आली का रेल्वे पुन्हा, मी म्हणालो.
ती हसली, तिला कळलं नव्हतं तरी.

पेटीच्या तळाशी एक उंच नळी,
नळीच्या तळाशी काळा ठिपका.
"आणि हे?"
"उन्हापासून क्लोरीन राखणारं आम्ल असतं ना, त्याचं माप.
गढूळ केलेलं पाणी थोडं थोडं ओतायचं,
वरून बघायचं.
ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा."

"दिसेनासा होणं हेच बरोबर?"
"हो."
"नक्की?"
तिने पुस्तिका उघडून ओळ दाखवली.
मी पाकीट काढलं.

संध्याकाळी कठड्यावर बसलो, वाऱ्याकडे पाठ करून.
क्लोरीन: सात थेंब.
मग ती नळी.
ओतत गेलो, ठिपका धूसर, ठिपका अंदाजाने,
मग नाहीच.
साठ वर्षांच्या माणसासारखा नव्हे,
एकोणीस वर्षांच्या पोरासारखा मोठ्याने म्हणालो, "नाही दिसत!"
कुंपणावरच्या गलाह पोपटाने मान वाकडी केली.

उरली ग्लेनिसची ती शनिवारची नळी.
पांढऱ्या कागदासमोर धरून फोटो काढला, पाठवला.
खाली लिहिलं: हा कुठला?
तिकडे दीड तास पुढे. जेवणं झाली असतील.

पाणी यंत्राच्या तोंडाशी पुटपुटत होतं.
वीस मिनिटांनी फोन थरथरला.
"सात-नऊ. आम्ल लागेल.
आम्ल पाण्यात ओत, पाणी आम्लात नको.
आणि चष्मा लाव."

वहीत लिहिलं, सात-नऊ.
शनिवार नव्हता, तरी शनिवार लिहिलं.