एक ओळ चुकली

हरमाटनच्या दिवसांत ब्रश धरायचा नसतो,
रंग ओला असतानाच वाळवंट त्यावर येऊन बसतं.
पण वुम्पिनी म्हणाली, शुक्रवारच्या आत हवंय,
आणि तिनं फोन पुढे धरला:
एक काळा-पांढरा चौकोन, मुंग्यांनी भरलेला.

मी तमालेतला पाटीवाला, नेन्दो माझं नाव.
सव्वीस वर्षं या गावातली दुकानं
मी रंगवली तशी दिसत आली.
न्हाव्याच्या पाटीवर चार डोकी, चौघांचे चार कट,
त्यातलं एक माझ्या मेव्हण्याचं, त्याला अजून माहीत नाही.
पंक्चरवाल्याच्या पाटीवर हसणारं टायर.
नावंही कशी, दम लागेपर्यंत लांब:
‘देवाला घाई नसते टायर आणि वेल्डिंग’.
अक्षरागणिक पैसे, म्हणून मला लांब नावं आवडायची.

मग कोणीतरी म्हणालं, खाली नंबर टाक.
टाकला. दहा आकडे, एका कोपऱ्यात, पाहुण्यासारखे.
पुढच्या वर्षी पाहुणा मधल्या घरात आला,
मग टायरचं हसू पुसून
त्याच्या जागी हातपाय पसरून झोपला.

मग पाट्याच थांबल्या.
वुम्पिनीनंच आधी गाळा सोडला, अबोआबो बाजारातला,
माझ्या हातच्या पाटीसकट.
शियाचं लोणी आता ती खाटेवर बसून विकते:
अक्रातली बाई रात्री अकराला फोटोवर बोट ठेवते,
सकाळच्या बसला डबा चढतो.
भाडं नाही, उंबरा नाही, उंबऱ्यावर बसून
उधारी मागणारा भाचा नाही.
‘तुझी पाटी ठेवलीय हं,’ ती म्हणाली होती,
‘कोंबड्यांच्या खुराड्याला दार झालंय.’
पक्की आहे, पावसात टिकते. मी काय बोलणार.

लोणी खाटेवरून विकता येतं, गरम भात नाही.
म्हणून बसतळापाशी तिची चवळी-भाताची टपरी.
गिऱ्हाईक रोख आणत नाही, चौकोन मागतं.
कागदाचा चौकोन उन्हानं खाल्ला, तीनदा.

पंचवीस उभी, पंचवीस आडवी. सहाशे पंचवीस घरं.
सूत ओढलं, खडूनं आखलं.
अक्षराला वळण असतं, ते हाताला आठवतं.
याला वळणच नाही. इथं का काळं, तिथं का पांढरं,
विचारायची सोय नाही.
दोन दिवस नुसता मोजत होतो,
नमाजाखेरीज ओठ हलले नाहीत.

शुक्रवारी पोरं फोन घेऊन रांगेत.
एकानं धरला. काही नाही.
दुसऱ्यानं तिरका धरला. काही नाही.
भुकेला ड्रायव्हर म्हणाला, भिंतीला चष्मा लागलाय.
सव्वीस वर्षांत माझं लिहिलेलं
कोणाला वाचता आलं नाही, असं झालं नव्हतं.
ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनाही आलं होतं.

वुम्पिनीची अझारा, आठ वर्षांची,
बोटानं मोजत गेली, भिंत आणि फोन, भिंत आणि फोन.
‘अकराव्या ओळीपासून सगळं एक घर सरकलंय, काका.’
सरकलं होतं.
तेव्हा मी बहुधा जेवायला उठलो होतो.

खरवडलं. पुन्हा रंगवलं.
दिवेलागणीला ड्रायव्हरचा फोन टुणकन वाजला
आणि वुम्पिनीच्या फोनवर बारा सेडी येऊन पडले.
भवानी झाली.
दुसरी ताटली तिनं माझ्यासमोर आपटली, वर एक अंडं.

रात्री कोणाची तरी बकरी ओल्या रंगाला पाठ घासून गेली.
सकाळी पाहतो तर पाच-सहा घरं फरफटलेली,
वर तपकिरी केस चिकटलेले.
अझारानं फोन धरला. उघडलं.
पुन्हा धरला. उघडलं.
‘थोडं चुकलेलं त्याला समजतं,’ ती म्हणाली.
थोडं म्हणजे किती, हे तिला सांगता येईना.

काल पंक्चरवाला आला. त्यालाही चौकोन हवाय,
मोठा, रस्त्यावरून दिसेल असा.
माप घेतलं. भाव सांगितला, घरागणिक.
त्यानं घासाघीस केली, मग मान खाजवत
निघता निघता म्हणाला,
बाजूला ते टायर काढशील का,
हसणारं.