हातचा एक

रिओनी नदीवरचं धुकं निवळायच्या आत
मी दुकानाचं शटर अर्धंच उचलते.
अर्ध्यानं गरम हवा किती राहते कोण जाणे,
पण डिसेंबरात कुतायसीमध्ये
माणूस कशाकशाची काटकसर करेल, सांगता येत नाही.

समोर पैसे बदलायची टपरी. लाल आकडे.
काल दोन शहात्तर. आज दोन एक्क्याऐंशी.
माझा गल्ला लारीत, कर्ज डॉलरात.
म्हणजे काहीही न घेता,
नुसती कूस बदलून,
मी रात्रीत आणखी देणेकरी झाले.

उधारीची वही शाळेची आहे, चौकटींची.
तिच्यात नावं नाहीत. नाव दिसलं की माणूस ओशाळतो.
‘तिसरा मजला, निळं दार’: तेल एक, मेणबत्त्या चार.
‘खोकणारा’: सिगारेटी, सुट्या, दोन.
‘पोलंडवाल्याची आई’: साखर. पोरगा पाठवेल तेव्हा.
‘लिफ्टचं नाणं वाचवणारी’: बटाटे.
लिफ्ट वर न्यायचे दहा तेत्री घेते, उतरायचे काही नाही,
तरी ती दोन्ही वेळा जिन्यानंच.
म्हणते, फुकटची सवय महाग पडते.

ओतार मास्तर बारा तारखेला आले, रिकाम्या खिशानं.
“पेन्शन औषधात गेली, त्सिउरी.
एकतीस लारी चाळीस राहिले.
पैशांऐवजी हिशेब तपासून देऊ?”
चाळीस वर्षं गणित शिकवलेला माणूस
हीटरशेजारी उपड्या खोक्यावर बसला.
ओठ हलत होते. हातचे दोन. हातचा एक.
समोर जणू चौथीचा वर्ग.

दिवे लागल्यावर म्हणाले,
“वही बरोबर आहे. लोक उशिरा देतात, पण देतात.
फक्त आलेला माल आणि गेलेला माल जुळत नाही.
महिन्याला सव्वाशे लारी गळतायत.”
“चोरी?”
(मला लगेच तो खोकणारा आठवला. लाज वाटते सांगायला.)
“चोर नाही. हातचा.
हातचा धरायचा राहिला
की उत्तर जवळपास बरोबर येतं.
म्हणूनच चूक सापडत नाही.”

रात्री कुलूप लावता लावता सापडली.
फाटलं पाकीट कोण घेणार, म्हणून नेलेली मॅकरोनी.
बहिणीकडे मोकळ्या हातानं कसं जायचं, म्हणून चॉकलेटं.
टॉर्चचे सेल. चीजचा तुकडा, मग दुसरा.
दुकान माझंच ना.
कानातलं सावकाराकडे गहाण,
त्याचं व्याज मी एक दिवस चुकवत नाही,
काड्यापेटीसुद्धा वहीत मांडते,
आणि हे मात्र कुठेच नाही.
अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात.
पाय मी रोज मोजले.
अंथरूण मीच कातरत होते, कडेकडेनं.

नवं पान काढलं. नाव काय घालायचं?
पेन्सिल बराच वेळ अडून राहिली.
‘शटर अर्धं उचलणारी’: लोणी, एक. चार लारी वीस.

मास्तरांच्या पानावर लिहिलं: तपासणीचे, वजा दहा.
सकाळी त्यांनी ते खोडरबरानं पुसलं.
“तुला परवडत नाही,” एवढंच म्हणाले,
आणि पाव घेऊन गेले. उधार.

टपरीवर दोन त्र्याऐंशी.
लोणी रात्रीच संपवलं होतं,
पावाला जाड थापून.
पहिल्यांदाच उधारीवर घेतलेलं,
चव लागली.