सतरा नंबरचा वॉकर

दांडेकर पुलाच्या अलीकडे, पिठाच्या गिरणीला लागून
आमचा गाळा.
शटर अर्ध्यावर अडतं, वाकून आत या.
दुपारी एक ते चारही उघडं असतं,
पुण्यात हे पाटीवर लिहावं लागलं.

कमोडच्या खुर्च्या सहा,
एअरबेड तीन, त्यातला एक रात्री फुसफुसतो,
कुबड्या मोजल्या नाहीत.
डिपॉझिट पाचशे, भाडं दिवसाला दोन रुपये.
नसतील तर फडतरे बाई वहीत नावापुढे टिंब देतात.
टिंबाचा अर्थ कुणी कुणाला विचारायचा नाही.

मी स्वारगेट डेपोत बत्तीस वर्षं बसचे ब्रेक पाहिले,
आता व्हीलचेअरचे बघतो.
काम तेच,
उतारावर माणूस सुटू नये.

वस्तू परत येते तेव्हा आम्ही बोलत नाही फारसं.
खुर्ची जास्तच पुसून आणलेली असेल
तर मुकाट्यानं डिपॉझिट मोजून द्यायचं.
एकदा एक आली, हाताच्या रेक्झिनवर
इरकलीचा काठ शिवलेला, बारीक टाक्यांनी.
पुढच्या बाई म्हणाल्या, नवी नको,
ती काठाची द्या.

सतरा नंबर मात्र चार वर्षं आला नव्हता.
हौसाबाई कोंढरे, वय अठ्ठ्याहत्तर,
खुब्याचं हाड, मुदत तीन महिने,
आणि फोन नंबरात एक आकडा कमी.

मंगळवारी आमची सुट्टी, म्हणून मंगळवारीच निघालो.
दत्तवाडी, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
जिन्यात दोनदा थांबलो,
वसुलीला निघालेला माणूसही एकाहत्तरचा.

दार तिनं उघडलं. भिंत धरून.
भिंतीवर कमरेच्या उंचीला
हाताचा काळपट पट्टा,
दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून कॉटपर्यंत,
रंगाऱ्यानं मुद्दाम ओढावा तसा.

आत सतरा नंबर.
त्याच्या चौकटीत तिचा दिगंबर, पन्नाशीचा,
डावी बाजू गेलेली.
उजव्या बाजूनं हसला.

“माझं हाड बसलं अन् हा पडला.
रिक्षा चालवायचा.
वॉकर एकच. म्हटलं, पांगळेपण त्याला नवं आहे,
मी काय, भिंत आहे मला.”
मग थांबून, “न्यायला आलात?”
आणि उत्तर न ऐकताच
भिंती-भिंतीनं चहा टाकायला गेली.

मी खाली बसलो.
वॉकरचे रबरी बूट झिजून
ॲल्युमिनियम फरशीला लागलं होतं,
म्हणजे खालच्या मजल्यावर चार वर्षं
त्याचं प्रत्येक पाऊल ऐकू गेलं असणार.
माझ्या खिशात कायम चार बूट असतात.
बदलायला दहा मिनिटं लागतात.
मला अर्धा तास लागला.

बुधवारी एकतीस नंबर घेऊन गेलो,
तिच्या उंचीला दोन भोकं खाली करून.
फिजिओवाल्या मुलीला फोन लावून दिला,
ती गुरुवारी येते, जिन्यात धापत नाही.

फॉर्म आमचा जुना आहे.
रुग्णाचं नाव: हौसाबाई.
सांभाळणारी व्यक्ती?
“लिहा की दिगंबर,” ती म्हणाली.
दुसरा फॉर्म. रुग्ण: दिगंबर.
सांभाळणारी व्यक्ती?
ती नुसती बघत राहिली माझ्याकडे,
दुसरं कोण दिसतंय का तुम्हाला, अशी.

परत करण्याची तारीख कोरीच आणली.
फडतरे बाईंनी चष्मा वर केला,
दोन टिंबं दिली.

घर एवढंसं.
मोरीच्या दारातून दोन वॉकर एकदम जात नाहीत.
“आधी मी.” “आई, थांब जरा.” “तू थांब.”
मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो तरी
भांडण चालूच होतं.