वाण

टार्टूत डिसेंबरात नऊ वाजेपर्यंत अंधारच.
शाळेच्या दवाखान्यात मी बावीस कपाळांवरून
बावीस ओले बोळे फिरवले.
पोरं रांगेत केस पुढे ओढून उभी,
एकाचा मफलर थेट नाकापर्यंत.
"दुखणार नाही," मी म्हटलं.
"दुखतंच आहे," मफलर म्हणाला.

तेविसावा बोळा घरून आणलेला.
माझी त्रीनू, वय पंधरा.
न्हाणीतला आरसा तिने भिंतीकडे तोंड करून ठेवलाय
ऑक्टोबरपासून.
डांबराचा साबण झाला, मध झाला, टूथपेस्ट झाली,
तीन महिने गोळ्या झाल्या, ज्यांनी पोट बिघडलं
आणि गाल होते तसेच राहिले.
शनिवारी सौनात येत नाही आता.
म्हणते, तिथे दिवा आहे.

चोविसावा माझा.
बशी रिकामी होती, एवढंच कारण.

या जिवांना हवा लागली की गुदमरतात.
म्हणून बरणीतली हवा काढायची, झाकण आवळायचं,
आणि अंगाच्या उबेत सात दिवस विसरायचं.
आठव्या दिवशी झाकण उघडलं
तर भोकाभोकाच्या चीजचा वास.
आमचे डॉक्टर तोइवो दरवेळी म्हणतात,
"आता पाव आणा."
दरवेळी कोणी हसत नाही.

जांभळा दिवा लावला.
बशीबशीत पोवळी पेटली.

मी मोजत गेले.
सात नंबरचा मुलगा, सायीसारखा नितळ,
त्याची बशी सगळ्यात गच्च.
मफलरवाल्याची त्याच्या निम्मीही नाही.
म्हणजे गर्दी हा गुन्हा नव्हे.
हे मला वीस वर्षं ठाऊक आहे,
कागदावर.

मग यंत्राने वाण सांगितले.
तेवीस आणि चोवीस:
अक्षराला अक्षर तेच.

ताप पाहायला कपाळाला गाल लावला असेल मी,
एकच टॉवेल असेल, एकच उशी त्या तळ्याकाठच्या तंबूत,
कधी ते कळायचं नाही.
ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला
तर वाण नाही पण गुण लागतो म्हणतात.
इथे उलटंच झालं:
वाण लागला, गुण राहिला मागे.
माझ्या कपाळावर पन्नास वर्षं
तो भाडं देऊन राहतोय.
तेल खातो, आंबट काहीतरी सांडतो,
त्या आंबटाला भिऊन बाहेरचे चोर आत येत नाहीत.
माझा राखणदार,
आणि तिच्या दारात तोच दंगेखोर.

रात्री मी दोन्ही बश्यांचे फोटो
तिच्या काळ्या पावाशेजारी ठेवले.

"यातली मी कुठली?"
"ओळख."
तिने बराच वेळ पाहिलं. चुकीची दाखवली.

"म्हणजे तू दिलंस."
"हो."
"मग तुला का नाही?"

उत्तर होतं माझ्याकडे, आकृतीसकट:
घर फिरलं की वासे फिरतात,
तुझं घर आत्ता बांधलं जातंय,
तेलाचे बुधले उतू चाललेत, वाटा अरुंद,
एखादं दार आतून बुजतं
आणि कोंडलेला कोणीही आरडाओरडा करतोच;
त्यात तुझंच शरीर फौज घेऊन धावतं,
लाल होतं ते फौजेमुळे,
त्याच्या एकट्यामुळे नाही.

यातलं निम्मं बोलले.
निम्म्यावर तिने पाव मोडला.

"मी घाण नाही म्हणजे."
प्रश्न नव्हता, म्हणून मी गप्प बसले.
कोण म्हणालं तिला हे? कोणत्या वर्गात?
की मीच, साबण पुढे करताना?

शनिवारी ती आली. दिवा काढायला लावला.
वरच्या फळीवर, अंधारात, दगडांवर पाणी फुटलं,
बर्चच्या पानांचा वास सुटला.
बराच वेळ नुसता दोघींचा घाम.
मग वरून आवाज:
"तो सात नंबर.
नाव काय त्याचं?"

"नियमाने सांगता येत नाही."

"आई."