करंगळीचं घर

धोबीतलावला, बॅटींच्या दुकानावर, माझा पोटमाळा.
भलेभले गोलंदाज इथे कपाळ आपटून घेतात.
मोतालेबला वाकावं लागलं नाही.
एकोणीस वर्षांचा, पाच फूट तीन इंच,
क्रॉस मैदानावर सराव सामना होता,
उजव्याची जाळी अंगठ्यापाशी उसवलेली.

"दादा, हातमोजा," म्हणाला.
मी दाभण खाली ठेवलं. मराठी येतं?
"ना, ना. बांगला."
मग त्याचे काही, माझे काही, शब्द जुळवत बसलो.
हात निघाला, कान निघाला, नाक निघालं.
मी म्हणालो, आता बोट दाखव,
तर तो उठून खिडकीबाहेर बघायला लागला,
जणू मेट्रोच्या मागून एखादी येणारच आहे.
नेत्रकोन्याला त्याच्या घराभोवती
वर्षातले सहा महिने पाणी, शाळेतसुद्धा बोटीनं.
माझं ते बोट. त्याची ती बोट.
हसता हसता चहा सांडला,
विलोच्या खोक्यावर डाग अजून आहे.

पुढच्या खेपेला टोपी देशाची
आणि हातमोजे धड, कुठे टाका सुटलेला नाही.
त्यानं डावा हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरातून
बाहेर वळलेली, रागावून घर सोडलेल्या पोरासारखी.
चितगावला मोडली. शेजारच्या बोटाला बांधून
पावणेदोन दिवस यष्ट्यांमागे उभा राहिला,
मग सातव्या क्रमांकावर येऊन एकसष्ट.
"हिचं घर जरा मोठं करा."

वहीत आहे. मोतालेब, डावा, करंगळी, दीड सूत.
दोन वर्षांनी अनामिकासुद्धा.
मधे कर्णधारपद मिळालं, मधेच काढून घेतलं,
ते माझ्याकडे नाही. माझ्याकडे
उजव्या तळव्याला दुहेरी अस्तर, आणि तारीख.

वानखेडेच्या सामन्याआधी मी आपणहून
अर्धं सूत जास्त सोडलं.
त्याला दुखू नये, एवढंच.

गरवारे स्टँडमधून पाहिलं. सत्तेचाळिसावं षटक,
फलंदाज पुढे निघाला, फसला, इतका फसला
की परत फिरायचंही त्यानं सोडून दिलं,
आणि चेंडू डाव्या हातमोज्यात शिरला
आणि बसला नाही.
शेजारचा माणूस उभा राहून नाचला.
मीही उभा राहिलो होतो, लोकांना वाटलं आनंदानं.

रात्री हॉटेलातून फोन. मी काही विचारलं नव्हतं.
"हातमोजा ठीक होता, दादा. हातच उशिरा पोचला."
आता हे खरं, की सभ्यपणा?
दुसऱ्याचा वाइड अंगावर घ्यायची सवय झालेला माणूस,
त्याला काय विचारणार.

मग तो संघात आला, गेला, आला,
एका मालिकेत नुसता पाणी घेऊन धावताना दिसला,
आणि पुढे वहीची पानं कोरी.

परवा एक उंच पोरगा वाकून आत आला. नाहियान.
दौऱ्यावरचा नवा यष्टीरक्षक. पिशवीतून तेच हातमोजे.
मोतालेबभाईंनी दिलेत, म्हणाला, शुभ आहेत,
फक्त डावा तेवढा सरळ करून द्या.
करंगळीच्या घरात मी माझी करंगळी घातली.
वळणापाशी ती थबकली.
अस्तर घामाच्या मिठानं कडक झालेलं,
आणि माझं अर्धं सूत तसंच, रिकामं.

सरळ होईल. चार टाके उसवायचे, अर्ध्या तासाचं काम.
हे त्याला सांगितलं नाही.
म्हटलं, आधी माप घेऊ,
बोट दाखव.

तो खिडकीकडे वळला.